जपान-तैवान मासेमारी करार (२०१३): बेटे कोणाची हे न ठरवता पाणी कसे वाटले

पूर्व चीन समुद्रातल्या सेन्काकू बेटांवर जपान, तैवान आणि चीन हे तिघेही हक्क सांगतात. तैवानमध्ये या बेटांना दियाओयुताई म्हणतात. १० एप्रिल २०१३ रोजी या तिघांतल्या दोघांनी, जपान आणि तैवानने, बेटांच्या मालकीला हात न लावता भोवतालच्या पाण्यातल्या मासेमारीचा करार केला.

आर्थिक सहकार्याने सीमावाद सुटतात असे सर्रास म्हटले जाते. या प्रकरणात वाद सुटला नाही. पण वादापायी समुद्रावर रोज जे घडत होते, म्हणजे बोटी अडवणे, ताब्यात घेणे, दंड आणि धडका, ते एका ठरावीक पट्ट्यात बरेचसे थांबले. हे कशामुळे जमले आणि कोणाच्या पदरात त्याचा तोटा पडला, ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. बोटींची आणि खलाशांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

वाद पाच लहान बेटांचा आणि तीन खडकांचा आहे. सर्वांत मोठे बेट चार चौरस किलोमीटरपेक्षाही लहान. जपानच्या इशिगाकी बेटापासून अंतर सुमारे १७० किलोमीटर, तैवानपासूनही जवळपास तेवढेच, आणि चीनच्या मुख्य भूमीपासून सुमारे ३३०. बेटांवर आज कोणी राहत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बोनिटो मासा सुकवण्याचा जपानी कारखाना होता, तो १९४०च्या सुमारास बंद पडला.

जपानने जानेवारी १८९५ मध्ये ही बेटे आपल्या हद्दीत घेतली. १९६८-६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आर्थिक आयोगाच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत समुद्रतळाखाली तेल असण्याची शक्यता पुढे आली. १९७१ मध्ये आधी तैवानने आणि त्याच वर्षाअखेरीस चीनने बेटांवर अधिकृत दावा केला. १५ मे १९७२ रोजी अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या ताब्यात ठेवलेला ओकिनावा हा जपानचा दक्षिणेकडचा बेटांचा प्रांत परत केला तेव्हा बेटांचा कारभारही जपानकडे गेला.

मच्छीमारांच्या दृष्टीने खरी अडचण १९९६ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी जपानने सागरी कायद्याचा करार मान्य केला आणि २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासळीवर त्याच देशाचा हक्क असे पाणी, लागू केले. तैवानच्या इलान भागातल्या, विशेषतः सुआओ बंदरातल्या बोटी या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जात होत्या. आता तेच पाणी परवान्याशिवाय शिरायचे नाही असे झाले. तैवानने २००३ मध्ये नकाशावर आपली ‘तात्पुरती अंमलबजावणी रेषा’ आखली आणि तिच्या आत आपल्या बोटींना संरक्षण देऊ असे जाहीर केले. दोन्ही रेषा एकमेकींवर चढल्या.

दोघांनी मासेमारीवर बोलणी ऑगस्ट १९९६ मध्येच सुरू केली होती. फेब्रुवारी २००९ पर्यंत सोळा फेऱ्या झाल्या आणि हाती काही लागले नाही.

अडचण नेमकी काय होती

बाहेरून हा बेटांचा वाद दिसतो. बोटीवरच्या माणसासाठी प्रश्न वेगळा होता: मी इथे मासे धरायची दोरी टाकली तर मला कोण पकडेल?

जपानी गस्तनौकेने बोट पकडली की ती इशिगाकीसारख्या बंदरात नेली जाई. अनामत रक्कम भरल्यावर बोट आणि कप्तान सुटत. रक्कम जाचकच, पण त्याहून मोठे नुकसान हंगामाचे. या भागात ब्लूफिन टूना एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालण्यासाठी येतो. वर्षाची कमाई त्या काही आठवड्यांवर उभी असते. त्यातले चार दिवस बंदरात अडकून पडणे लहान बोटीला परवडत नाही.

अशा प्रत्येक अटकेचे पुढे सार्वभौमत्वाच्या भांडणात रूपांतर होई. जपानने बोट पकडली म्हणजे जपानने हद्द बजावली. तैवानने ती सोडवायला जहाज पाठवले म्हणजे तैवाननेही बजावली. जून २००८ मध्ये बेटांजवळ जपानी तटरक्षक जहाजाशी टक्कर होऊन तैवानची एक हौशी मासेमारीची बोट बुडाली. सगळे वाचले. जपानने माफी मागितली, भरपाई दिली, पण त्याआधी तैवानने आपला टोकियोतला प्रतिनिधी परत बोलावला होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये गाडे आणखी तापले. जपान सरकारने तीन बेटे खासगी मालकाकडून २०५ कोटी येनला विकत घेतली. चीनमध्ये मोठी निदर्शने झाली. २५ सप्टेंबरला सुआओहून निघालेल्या तैवानी बोटींचा ताफा स्वतःच्या तटरक्षक जहाजांसह बेटांजवळ पोहोचला आणि दोन्ही बाजूंच्या गस्तनौकांनी एकमेकांवर पाण्याचे फवारे सोडले. एकमेकांचे चांगले शेजारी म्हणवणाऱ्या दोन समाजांमधले हे दृश्य होते, आणि त्याचा धक्का दोन्हीकडच्या सरकारांना बसला.

कोणते पर्याय होते

आंतरराष्ट्रीय न्यायालय हा कागदावरचा पहिला पर्याय. तो चालणारच नव्हता. जपानच्या भूमिकेनुसार बेटांबाबत वादच अस्तित्वात नाही, मग न्यायालयात जायचे कशाला? आणि त्या न्यायालयात फक्त राष्ट्रे जाऊ शकतात. तैवान १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांबाहेर आहे आणि जपानशी त्याचे राजनैतिक संबंध १९७२ मध्येच तुटले.

दुसरा पर्याय समुद्राची कायमची वाटणी करण्याचा. तो इथेच अडतो की मध्यरेषा कुठून मोजायची हे बेटे कोणाची यावर ठरते. सोळा फेऱ्या मोठ्या प्रमाणात याच दगडावर आपटल्या.

तिसरा पर्याय तेल आणि वायू मिळून काढण्याचा. हा सर्वांत आकर्षक वाटतो आणि सर्वांत कमी टिकतो. जून २००८ मध्ये जपान आणि चीन यांनी पूर्व चीन समुद्रातल्या वायूबद्दल अशी समजूत जाहीर केली होती. करारात उतरण्याआधीच, सप्टेंबर २०१० मध्ये एका चिनी ट्रॉलरची जपानी गस्तनौकांशी टक्कर होऊन तिचा कप्तान ताब्यात घेतला गेला आणि बोलणी थांबली. विहीर खणायला वर्षानुवर्षांची गुंतवणूक लागते. कोणता कायदा लागू, कर कोणाला, अपघात झाल्यास खटला कुठे, हे सगळे आधी ठरावे लागते. म्हणजे मालकीचा प्रश्न मागच्या दाराने परत येतो.

हीच गत जमिनीवरच्या सहकार्याची होते. रशियाच्या ताब्यातल्या आणि जपान हक्क सांगत असलेल्या दक्षिण कुरील बेटांवर रशिया आणि जपान यांनी डिसेंबर २०१६ पासून संयुक्त आर्थिक उपक्रमांचा घाट घातला. मत्स्यशेती, हरितगृहातली भाजी, पर्यटन, पवनऊर्जा आणि कचरा कमी करणे अशी पाच क्षेत्रेही निवडली. २०१९ मध्ये पर्यटकांची एक प्रायोगिक सहल झाली. तिथल्या जपानी कामगाराला कोणत्या देशाचा कायदा लागू, यावर गाडी अडली ती अडलीच. मार्च २०२२ मध्ये रशियाने शांतता कराराच्या बोलण्यांतूनच माघार घेतली.

चौथा पर्याय फक्त तैवानपुढे होता: चीनबरोबर मिळून जपानवर दबाव आणणे. तैपेईने तो फेटाळला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तसे उघड सांगितले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. टोकियोला तैपेई-बीजिंग युतीची धास्ती होती. ती युती होणार नाही, पण मच्छीमारांना काहीतरी मिळाले पाहिजे, असा संदेश त्यातून गेला.

उरला पाचवा पर्याय. बाकी सगळे बाजूला ठेवून फक्त मासेमारी.

काय केले गेले

५ ऑगस्ट २०१२ रोजी तैवानचे राष्ट्राध्यक्ष मा यिंग-जिओ यांनी ‘पूर्व चीन समुद्र शांतता प्रस्ताव’ मांडला: संयम पाळा, वाद बाजूला ठेवा पण संवाद सोडू नका, आंतरराष्ट्रीय कायदा पाळा, आचारसंहितेवर एकमत शोधा, साधनसंपत्तीसाठी सहकार्याची यंत्रणा उभारा. मा यांचे डॉक्टरेटचे संशोधन याच समुद्राच्या तळावरील सीमांच्या वादावर होते. त्यामुळे मालकी आणि वापर वेगळे करण्याची त्यांची मांडणी ऐनवेळी सुचलेली नव्हती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जपानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तैवानला संदेश पाठवून मासेमारीची बोलणी पुन्हा सुरू करण्याची तयारी दाखवली. नोव्हेंबरमध्ये पूर्वतयारीची बैठक झाली. डिसेंबरअखेर शिंझो आबे जपानचे पंतप्रधान म्हणून सत्तेवर आले आणि टोकियोतल्या निर्णयाला वेग आला. सतराव्या फेरीत, तैपेईमध्ये, करारावर सह्या झाल्या.

सह्या सरकारांनी केल्याच नाहीत. राजनैतिक संबंध नसल्यामुळे दोन्हीकडच्या, कागदोपत्री बिगरसरकारी संस्थांच्या अध्यक्षांनी त्या केल्या: जपानची इंटरचेंज असोसिएशन आणि तैवानची पूर्व आशिया संबंध संस्था. तांत्रिक वाटणारी ही तडजोड नसती तर करार एक पाऊलही पुढे गेला नसता.

कराराची रचना समजून घेण्यासारखी आहे. क्षेत्र सुमारे ७४,००० चौरस किलोमीटरचे, तैवानच्या भूभागाच्या दुप्पट. ते अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंनी आखले. बेटांवरून मोजले नाही. उत्तरेची सीमा २७ अंश उत्तर अक्षांशावर थांबते. याचे कारण १९९७चा चीन-जपान मासेमारी करार: त्यात या अक्षांशाच्या उत्तरेच्या पाण्याची व्यवस्था त्या दोघांनी ठरवलेली आहे. त्याला धक्का लावला असता तर बीजिंगला थेट हरकतीचे निमित्त मिळाले असते. चीनने तरीही चिंता व्यक्त केली, पण आपल्याशी केलेला करार मोडला असे म्हणायला त्याला जागा नव्हती.

बेटांभोवतीचा १२ सागरी मैलांचा पट्टा करारातून वगळला. तिथे कोण जाऊ शकते हे करार सांगत नाही.

ठरलेल्या क्षेत्रात जपान तैवानी बोटींना आपले मासेमारी कायदे लावणार नाही, हे कराराचे हृदय. आतापर्यंतच्या अंमलबजावणी रेषेबाहेर तैवानला सुमारे ४,५३० चौरस किलोमीटर जादा पाणी मिळाले. क्षेत्राचा एक भाग ‘विशेष सहकार्य जलक्षेत्र’ म्हणून वेगळा ठेवला. दरवर्षी बसणारी संयुक्त समिती नेमली, तिचे निर्णय एकमताने. आणि शेवटी एक कलम: यातल्या कशानेही सागरी कायद्याच्या प्रश्नांवरील कोणाच्याही भूमिकेला बाध येणार नाही.

या कलमाला पळवाट म्हणणे चूक ठरेल. दोन्ही सरकारांना आपापल्या संसदेत जाऊन ‘आम्ही काही सोडलेले नाही’ असे खरे बोलता यावे, यासाठी ते होते. शेताच्या बांधाचा दावा चालू ठेवून विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात, तसे हे झाले.

जिथे घाई झाली

१० मेपासून करार लागू होणार होता. टूनाचा हंगाम त्याआधीच सुरू झालेला. ७ मे रोजी संयुक्त समितीची पहिली बैठक झाली, आणि बोटींनी प्रत्यक्ष पाण्यात कसे वागायचे यावर एकमत झाले नाही. म्हणजे क्षेत्र उघडले, पण नियम नव्हते.

याचा अर्थ समजायला लाँगलाइन कशी टाकतात ते पाहावे लागते. कित्येक किलोमीटर लांबीची मुख्य दोरी, तिला ठरावीक अंतरावर तरंगते बोये, आणि खाली सोडलेल्या उपदोऱ्यांना गळ. दोरी टाकली की ती बांधून ठेवता येत नाही. कुरोशिओ प्रवाह तिला घेऊन सरकत राहतो. शेजारच्या बोटीने जवळ दोरी टाकली तर काही तासांत दोन्ही गुंततात. गुंता सोडवायला वेळ नसतो, म्हणून कोणाची तरी दोरी कापली जाते. गळ, बोये, कधी लागलेला मासाही जातो.

ओकिनावाच्या बोटी एकमेकींत चार सागरी मैलांचे अंतर राखत. तैवानच्या बोटी संख्येने जास्त, आणि त्यांची पद्धत एका सागरी मैलाची. दोन्ही पद्धती आपापल्या ठिकाणी रास्त. पण एकाच पाण्यात आल्यावर चार मैलांची पद्धत पाळणाऱ्याच्या दोन बोटींमध्ये दुसऱ्यांच्या बोटी बसतात, आणि शिस्त पाळणाराच मागे हटतो. इशिगाकी ज्यांत येते त्या यायेयामा बेटांच्या उत्तरेला असलेल्या त्रिकोणी पट्ट्यात, टूनासाठी सर्वांत चांगल्या पाण्यात, नेमके हेच झाले. ओकिनावाचे मच्छीमार दोरी कापली जाण्याच्या भीतीने तिकडे जाणेच टाळू लागले.

ओकिनावा प्रांत आणि तिथल्या मच्छीमार संस्थांनी कराराचा कडक निषेध केला. पाणी त्यांचे गेले आणि त्यांना विचारले गेले नाही, ही त्यांची तक्रार, आणि ती खरी होती. केंद्र सरकारने नंतर ओकिनावाच्या मासेमारीसाठी १,००० कोटी येनचा निधी उभा केला. पैशाने नुकसान काही अंशी भरून निघाले. हंगामातले पाणी मात्र परत आले नाही.

काम करायच्या नियमांवर पहिली सहमती व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. पुढे दरवर्षी समिती बसत राहिली आणि अंतर, वेळ, पाण्याचे भाग यांवर घासाघीस चालूच राहिली. एकमत झाले नाही की आदल्या वर्षीचेच नियम पुढे चालवले जात. ही पद्धत कंटाळवाणी दिसते, पण करार वाचला तो तिच्यामुळेच.

परिणाम

क्षेत्राच्या आत तैवानी बोटींच्या अटका आणि त्यावरून उसळणारे वाद ठळकपणे कमी झाले. क्षेत्राबाहेर गेलेल्या बोटी जपान पकडत राहिला. करार लागू झाल्यावर काही दिवसांतच अशी पहिली कारवाई झाली. त्यावरून पूर्वीसारखा भडका उडाला नाही, कारण रेषा कुठे आहे हे आता दोघांनाही मान्य होते.

मालकीचा वाद जिवंतच राहिला. २०२० मध्ये इशिगाकी नगरपालिकेने बेटांच्या प्रशासकीय पत्त्यात ‘सेन्काकू’ हे नाव घातले. इलानच्या परिषदेने प्रत्युत्तरादाखल आपल्या बाजूने नाव बदलण्याचा ठराव केला. तरीही मासेमारी करार चालू राहिला. मालकी आणि वापर खरोखर वेगळे झाले होते, याचा हा चांगला पुरावा.

मा यांना मात्र यापुढे जाऊन तिघांची चर्चा हवी होती: आधी तीन द्विपक्षीय वाटा, मग एक त्रिपक्षीय. ती झाली नाही. चिनी तटरक्षक जहाजांची बेटांभोवतीची ये-जा कमी झाली नाही. प्रादेशिक सहकार्याचा नमुना म्हणून या कराराकडे बोट दाखवताना हे सांगितलेच पाहिजे की तो प्रदेशाचा नव्हता, दोघांचा होता.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, क्रम. आधी बोटींमधले अंतर, दोरीची दिशा, दिवस-रात्रीच्या वेळा, तुटलेल्या दोरीची भरपाई, मग सही. हंगामाआधी सही करण्याचा राजकीय ताण होता हे मान्य. पण तेवढ्यासाठी वादग्रस्त त्रिकोण पहिल्या वर्षी बाजूला ठेवून उरलेले क्षेत्र उघडता आले असते. त्रिकोणासाठी वेगळी मुदत देता आली असती.

दुसरी गोष्ट, खोलीत कोण बसले. ओकिनावा आणि इलानच्या मच्छीमार संस्थांना आधी समोरासमोर बसवले असते तर चार मैल विरुद्ध एक मैल हा प्रश्न सहीच्या आधी वर आला असता. मुत्सद्द्यांना तो नकाशावर दिसत नाही. दोरी ओढणाऱ्याला पहिल्या दिवशी दिसतो.

तिसरी गोष्ट मासा स्वतः. करारामुळे पाणी वाढले, टूना वाढला नाही. पॅसिफिक ब्लूफिनचा साठा इतका खालावला होता की २०१५ पासून पश्चिम व मध्य पॅसिफिक मत्स्य आयोगाने तीस किलोखालच्या माशांची पकड २००२-०४ च्या सरासरीच्या निम्म्यावर आणली. वाटणी करताना पकडीची नोंद आणि साठ्याची मोजणी सुरुवातीपासून एकत्र ठेवली तरच दोन्ही बाजूंना नियम पाळण्यात आपला फायदा दिसतो. नाहीतर मोकळे पाणी म्हणजे आधी पोहोचण्याची शर्यत.

हा नमुना कुठे चालत नाही

ज्या पाण्याचे बिंदू करारात नाहीत तिथे करार काहीच बोलत नाही. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या ओकिनोतोरी या दूरच्या प्रवाळबेटापासून सुमारे १५० सागरी मैलांवर जपानने एक तैवानी बोट पकडली. जपानच्या मते ते बेट, म्हणून त्याला २०० मैलांचे क्षेत्र. तैवानने तो नुसता खडक असल्याचे म्हटले आणि संरक्षणासाठी जहाजे पाठवली. अनामत भरून बोट सुटली. इथे परंपरागत मासेमारीची वाटणी हा मुद्दा नव्हता. ते क्षेत्र मुळात आहे की नाही हाच वाद होता, त्यामुळे ‘कोणाची भूमिका बाधित होत नाही’ हे कलम लावायला काही उरत नव्हते. मे २०१६ मध्ये तैवानात सरकार बदलले आणि ऑक्टोबरअखेर टोकियोत सागरी सहकार्यावरच्या स्वतंत्र संवादाची पहिली बैठक झाली. ओकिनोतोरीच्या पाण्यासाठी २०१३ सारखा करार त्यातून निघालेला नाही.